कोकरं, थंडी आणि माझी घाई

दोन आठवडे इथं काही टाकलं नाही, कारण सांगतो.

दिवाळीनंतर 20 नर कोकरं घेतली होती, 3-4 महिन्यांची, सरासरी 14 किलोची. बंदिस्तात पोसायची आणि वजनावर विकायची. कडब्याची कुट्टी, तुरीचं भुसकट, थोडा लसूण घास, आणि खुराकात मक्याचा भरडा, शेंगपेंड, गव्हाचा भुसा, मीठ, क्षार मिश्रण. खुराक 50 ग्रॅमपासून चालू करून तीन आठवड्यांत 250 वर नेला. दिवसाला शंभर-सव्वाशे ग्रॅम वजन चढत होतं.

थंडी वाढली तसं मी चारी बाजूंनी गोणपाट लावलं. आठ दिवसांत कोकरं खोकायला लागली. पहाटे आत गेलो तर मुताच्या वासानं डोळे चुरचुरले. कोकराला थंडीपेक्षा कोंडलेली हवा जास्त बाधते हे तेव्हा कळलं. वरून दीड फूट मोकळं सोडलं, खाली कोरडं भुसकट टाकलं, खोकला गेला.

मग व्यापारी आला. म्हणाला, 25 किलो भरली की सगळी नेतो. माझी 22 वर होती. मला राहवलं नाही, एका दिवसात खुराक 250 चा 500 केला, तोही बराचसा मकाच. बायको म्हणाली, "अहो, एवढं पचंल का त्यांना?" मी ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन मेलेली. तिसरं मान मागं टाकून पाय झाडत होतं, तासाभरात गेलं. तिन्ही कळपातली सगळ्यात तजेलदार, गव्हाणीवर पहिली येणारी. डॉक्टरांनी एक फाडून बघितलं, म्हणाले आंत्रविषार. एकदम जादा दाणा गेला की आतड्यातले जंतू वाढतात आणि विष तयार होतं, खादाड जनावर आधी जातं.

"लस दिलेली ना?" त्यांनी विचारलं. दिलेली, पण एकच. 15-21 दिवसांनी दुसरा डोस द्यायचा असतो, तो कापूस वेचणीच्या गडबडीत राहिला होता. बायको तिथंच उभी होती. काही बोलली नाही.

दोन दिवस मका बंद, नुसती कुट्टी. आता परत 100 ग्रॅमपासून चढवतोय. सतरा राहिलीत. व्यापाऱ्याला महिनाभर थांब म्हटलंय.

पुढच्या खेपेची लसीची तारीख गोठ्याच्या दारावर खडूनं लिहिलीय, अक्षर बायकोचं.