खिडकीबाहेरचा सुतार
बदलापूर स्थानकाची गर्दी मागे टाकून आपण बदलापूर गावात आलात, की जुन्या घरांच्या परसांत आंबा-नारळाची झाडे अजून दिसतात. तेथेच एका सकाळी, पक्षाघाताने अंथरुणास खिळलेल्या आजींना तपासताना, खिडकीबाहेर सोनपाठी सुतार पक्ष्यांची जोडी दिसली. "दोन्ही नरच," आजोबा म्हणाले, "तुरे लाल आहेत ना!" आजी मात्र मान हलवून नाही म्हणत होत्या.

आजींचेच खरे होते. नराचे कपाळ व तुरा दोन्ही लाल असतात. मादीचा तुरा मागे लाल, पण कपाळ काळे आणि त्यावर बारीक पांढरे ठिपके. (मराठा सुतार हा त्याचा लहान भाईबंद, त्याच्या मादीच्या डोक्यावर लाल रंग मुळीच नसतो.) आजोबांना ते ठिपके दिसतच नव्हते. नेत्रतज्ज्ञांकडे पाठविले, तेव्हा दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. पत्नीच्या गोळ्या रोज तेच ओळखून देत होते, या विचाराने मी चरकलो. ते काम त्याच दिवशी सुनेकडे गेले.

हा पक्षी दाणे टिपावयास येत नाही. त्याला खोडावरच्या मुंग्या लागतात. म्हणून परसातील वाळका बुंधा, धोका नसेल तर, राहू द्यावा. पाहताना उभे राहून मान मागे टाकू नका, भोवळ येते. पाठीच्या खुर्चीत बसा. आणि शुश्रूषा करणाऱ्यांनी आजारी माणसाचा पलंग खिडकीकडे वळवावा.

शस्त्रक्रियेनंतर आजोबांनी मादी ओळखली. आजींनी ती आधीच पाहिली होती.