सोंग कुणाचं, खर्च कुणाचा

देवास

चि. शरयू हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. विलायतेतल्या श्रीमंतांचे वेषांतराचे नाच आणि धार-देवासच्या आपल्या पवारांचा दरबारी थाट यांत तुला एकच हौस दिसते. मला ते निम्मंच पटतं. गेलेल्या राजेपणाचं सोंग दोन्हीकडे होतं, पण ते ठरवायचं कुणी आणि उतरवायचं कुणी, इथे वाटा फुटतात.

2 जुलै 1897 ला, व्हिक्टोरियाच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून, डेव्हनशायरच्या डचेसने लंडनच्या वाड्यात नाच ठेवला. ती झेनोबिया राणी झाली, ड्यूक झाला सम्राट पाचवा चार्ल्स. वेष ज्याचा त्याने निवडला आणि सकाळी ड्यूक पुन्हा ड्यूकच होता. आता आपल्या धारचे आनंदराव पवार बघ. 1857 च्या धामधुमीत संस्थान जप्त झालं, 1860 मध्ये बैरसिया परगणा कापून परत मिळालं. पुढे 1 जानेवारी 1877 ला व्हाइसरॉय लिटनने दिल्लीत व्हिक्टोरियाला सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, तेव्हा आनंदरावांना ‘महाराज’ किताब मिळाला तो फक्त त्यांच्यापुरता. गादीबरोबर वारसाकडे जाणारा नव्हे. त्या सोहळ्यात संस्थानिकांना रेशमी निशाणं वाटली. त्यांवर युरोपातल्या सरदारांच्या धर्तीची कुलचिन्हं, तीही एका इंग्रज अधिकाऱ्याने बेतलेली, आणि वजन असं की धट्ट्याकट्ट्या गोऱ्या शिपायांनाही पेलवेना. बाजीरावाच्या मोहिमांत घोडी फेकलेल्या घराण्यांना निशाण काय असतं ते हे शिकवणार!

तू म्हणशील, पागोटं, अंगरखा, तलवार तर त्यांचीच होती ना? होती. पण मानाची जागा आणि तोफांची सलामी इंग्रज सरकार ठरवी. देवासच्या थोरल्या आणि धाकट्या, दोन्ही पातींना पंधरा-पंधरा तोफा. घरच्याच पोशाखात दुसऱ्याच्या नाटकात उभं राहायचं, असा तो प्रकार.

दुसरा आक्षेप पैशाचा: अशा खर्चाने कारागिराच्या घरची चूल पेटते. फेब्रुवारी 1897 मध्ये, मंदीच्या दिवसांत, न्यूयॉर्कच्या ब्रॅडली-मार्टिन बाईंनीही आपल्या नाचाचं हेच समर्थन केलं होतं. शिंप्या-सराफांना काम मिळतं हे खरंच. मात्र दिल्लीचा तो समारंभ झाला तेव्हा दख्खन आणि मद्रासकडे दुष्काळ पडलेला होता. शिवाय बाईंनी निदान स्वतःचा पैसा उधळला. संस्थानिकाचा थाट रयतेच्या शेतसाऱ्यावर चाले, आणि त्यात रयतेला विचारतो कोण?

राजांनाही मी निर्दोष म्हणत नाही. आपल्या थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे हौशी होते, खर्चिकही होते. 1921 मध्ये त्यांचे खाजगी सचिव म्हणून आलेल्या इंग्रज कादंबरीकार फॉर्स्टर साहेबांचा मराठी पागोट्यातला फोटो आहे. साहेबांनी पागोटं उतरवलं आणि ते मायदेशी गेले. तुकोजीराव मात्र कर्जात बुडाले, 1933 च्या अखेरीस देवास सोडून फ्रेंचांच्या पाँडिचेरीत गेले आणि 1937 मध्ये तिथेच वारले. राजाने राजासारखंच दिसावं असा ज्या सरकारचा आग्रह, तेच पुढे त्याच्याकडे उधळपट्टीचा जाब मागायला बसलं होतं.

कळावे, लोभ असावा.

तुझा काका