कव्हरवरचं नाव

९ एप्रिल २०२६, गुरुवार
रात्री बीटल्सची 'रिव्हॉल्व्हर' लावली. पहिल्या बाजूचं चौथं गाणं, 'लव्ह यू टू'. सुरुवातीला सतार एकटीच, ठेक्याविना, आलापासारखी. अर्धं मिनिट तसंच जातं, मग तबला येतो आणि गाण्याला जमीन मिळते. एवढ्याशा तीन मिनिटांत शेवटी द्रुतही आहे, पण ती रंगते न रंगते तोच आवाज विरत जातो. दर वेळी चुटपुट लागते.

११ एप्रिल, शनिवार
या गाण्याच्या रेकॉर्डिंगला आज साठ वर्षं झाली. ११ एप्रिल १९६६, लंडन, ॲबी रोडवरचा ईएमआयचा स्टुडिओ. जॉर्ज हॅरिसनला तबलजी हवा होता. एशियन म्युझिक सर्कलच्या अंगडींनी अनिल भागवतांना फोन केला, आज संध्याकाळी मोकळे आहात का म्हणून. कोणत्या जॉर्जबरोबर वाजवायचंय ते सांगितलंच नाही. न्यायला रोल्स-रॉइस आली तेव्हा कुठे भागवतांना उलगडा झाला. तिथे दोघांनी आधी सूर जुळवले. सोळा मात्रा ठरल्या, बाकी मोकळीक. हॅरिसनची आणि रविशंकरांची भेट अजून व्हायची होती, ती जूनमध्ये झाली.

हेडफोन लावून आज फक्त डग्गा ऐकला. मनगटाच्या दाबाने घुमार खालून वर चढते, ती इतकी जवळून टिपली आहे की हात दिसावा. गिटारच्या गर्दीतही तो हात कुठे दबत नाही.

१३ एप्रिल, सोमवार
याच तारखेला गाण्याचं उरलेलं काम झालं. रिंगोची खंजिरी तेव्हाची.

माझे गुरुजी सिनेमाच्या गाण्यांत वर्षानुवर्षं तबला वाजवत. एकाही रेकॉर्डवर त्यांचं नाव नाही. रेकॉर्ड लागली की ते मान न हलवता ऐकायचे आणि सम आली की बोट तेवढं गुडघ्यावर टेकवायचे. तेव्हापासून मी कुठल्याही रेकॉर्डचं कव्हर आधी उलटं करून पाहतो. याच 'रिव्हॉल्व्हर'वर 'एलेनर रिग्बी'साठी आठ तंतुवादक बसले होते, त्यांची नावं नाहीत. पुढच्या वर्षीच्या 'विदिन यू विदाऊट यू'मधल्या भारतीय वादकांचीही 'सार्जंट पेपर'च्या कव्हरवर नाहीत. म्हणून 'रिव्हॉल्व्हर'च्या कव्हरची मागची बाजू मला मोलाची वाटते. तिथे 'लव्ह यू टू'च्या तबल्यापुढे अनिल भागवत हे नाव छापलेलं आहे.