बघणाऱ्या मुलांचं काय?

वर्गातला कुणीतरी रोज डबा पळवतो, ढकलतो, नावं ठेवतो, अशी तक्रार घेऊन मूल घरी आलं की आपल्याकडे दोन सल्ले तयार असतात. एक म्हणजे, ‘तूही एक ठेवून दे.’ दुसरा, ‘लक्षच देऊ नकोस, दमतील आणि गप्प बसतील.’ दोन्हींत गंमत अशी, की ज्याला त्रास होतोय त्यालाच कामाला लावलेलं असतं. त्याच्यात लढायची ताकद असती तर त्याच्या वाटेला कोण गेलं असतं?

डेब्रा पेपलर आणि वेंडी क्रेग या कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी आपलं लक्ष बाजूला उभ्या असलेल्या मुलांकडेही वळवलं. त्यांच्या गटाने टोरांटोतल्या प्राथमिक शाळांच्या मैदानांवर कॅमेरे लावले आणि मुलांच्या अंगावर छोटे मायक्रोफोन अडकवले. मधल्या सुट्टीत मोठ्यांच्या नजरेआड जे चालतं, ते टिपलं गेलं. १९९९च्या निबंधात त्यांनी मांडलेला हिशेब असा: जमलेल्या मुलांचा ५४ टक्के वेळ नुसतं बघण्यात गेला, २१ टक्के वेळ दांडगाई करणाऱ्याला साथ देण्यात आणि २५ टक्के वेळ त्रास सोसणाऱ्याची बाजू घेण्यात.

२००१च्या निबंधातले आकडे अधिक बोलके आहेत. ८८ टक्के प्रसंगांत इतर मुलं तिथे हजर होती, पण कुणी मध्ये पडलं ते फक्त १९ टक्के प्रसंगांत. मात्र जेव्हा पडलं, तेव्हा ५७ टक्के वेळा त्रास दहा सेकंदांच्या आत थांबला. तेवढ्या वेळात शिक्षक व्हरांड्यातून मैदानात पोचतही नाहीत!

कॅनडातच, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या एका शाळेत २००७ साली नववीतला मुलगा पहिल्याच दिवशी गुलाबी शर्ट घालून आला आणि दांडगटांच्या तावडीत सापडला. बारावीतल्या डेव्हिड शेफर्ड आणि ट्रॅव्हिस प्राइस यांनी स्वस्तातले ५० गुलाबी शर्ट आणून सोबत्यांना वाटले. शाळा गुलाबी झाली. पुढे याचा ‘गुलाबी शर्ट दिन’ झाला आणि दिवस साजरे करण्याचं जे होतं तेही थोडंफार झालंच. शिवाय बारावीतल्या धिप्पाड पोरांना जे जमलं, ते दुसरीतल्या मुलाकडून कसं मागायचं?

त्याच्याकडून छोटं मागावं. मारामारीत शिरायला सांगू नये. दूर उभं राहून हसायचं नाही, त्रास होणाऱ्याला ‘चल, आपण तिकडे खेळू’ म्हणून घेऊन जायचं आणि बाईंना सांगायचं, इतकंच. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवल्ली यांनी उभा केलेला ‘किवा’ कार्यक्रम याच वाटेने जातो. मुलं वर्गात अशा प्रसंगांचा सराव करतात आणि त्रास झालेल्या मुलाच्या सोबतीला शिक्षक वर्गातलीच दोन-चार वजनदार मुलं देतात. नुसत्या उपदेशाने हे साधत नाही. लहान मुलाला ‘चल, तिकडे खेळू’ हे वाक्य घरात नाटक करून चार वेळा म्हणायला लावलं, तरच मैदानात ते तोंडातून फुटतं.

अडचण पुढेच आहे. धीर करून सांगायला आलेल्या मुलाला आपण ‘चहाड्या करू नकोस’ म्हणून परत पाठवतो. बाईंनी, सरांनी आणि आईबाबांनी हे वाक्य आधी बंद करावं.