होकार कधी विचारायचा?
मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातले १६वे कलम वधू-वरांच्या मुक्त आणि पूर्ण संमतीशिवाय विवाह मानत नाही. १९४८ साली त्याचा आग्रह धरणाऱ्यांत पाकिस्तानच्या बेगम शाइस्ता इक्रामुल्लाह होत्या. बालविवाह आणि सक्ती थांबावी, हा त्यांचा हेतू. रविवारच्या वर्गात आम्ही हे सांगतो तेव्हा मुली सावरून बसतात. निकाहात मुलीचा होकार आपल्याकडे आधीपासून आहेच. पण वकील आणि दोन गवाह तिच्या खोलीत येतात तेव्हा हॉल घेतलेला असतो, बिर्याणी शिजलेली असते, आणि तिचे गप्प राहणेही होकारात धरले जाते. नववीतल्या एकीने विचारले, "तेव्हा नाही म्हणता येतं का, सर?" येते, आम्ही म्हणालो. पण विचारायचे ते तारीख धरण्याआधी, आणि ते अम्मी-अब्बांनी. म्हणून पुढच्या रविवारी त्यांनाही बोलावले आहे.