नाकावरचा भरवसा

विज्ञान हा माझा विषय नाही, हे आधीच सांगून टाकतो. बत्तीस वर्षं मी शाळेत मराठी आणि इतिहास शिकवला. मध्ये एका वर्षी विज्ञानाचे सर बदलून गेले आणि नवे सर येईपर्यंत सातवीच्या पोरांना सूक्ष्मजीवांचा धडा मीच शिकवला, तोही आदल्या रात्री वाचून. दूध विरजतं, भाकरीला बुरशी येते, शेणाचं खत होतं, एवढ्यावर भागवलं. त्या धड्याची बाकी सत्तरी उलटल्यावर चुकवावी लागेल असं काही तेव्हा वाटलं नव्हतं.

तर झालं असं. 2023 च्या जुलैमध्ये गावाहून दादाचा फोन आला. "अबे, इहिरीच्या पाण्याले पेट्रोलचा वास येऊन राह्यला."

आमचं गाव बार्शीटाकळीकडे. मी अकोल्यात राहतो, दादा आणि वहिनी गावी. घरामागची विहीर आजोबांनी खोदलेली. गावात नळ आला तरी वहिनी प्यायला पाणी विहिरीचंच घ्यायची. याला कारण आहे. वहिनीचं माहेर दर्यापूरकडचं, म्हणजे भर खारपाणपट्ट्यातलं. पूर्णेच्या खोऱ्यातला हा पट्टा अकोला, अमरावती, बुलडाणा अशा तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. खाली पाणी आहे, पण तोंडात धरवत नाही. लहानपणी गोड्या पाण्यासाठी बैलगाडीवर टाकी घेऊन जाणारे वडील तिने पाहिलेले. लग्न होऊन आली तेव्हा पहिल्या दिवशी तिने या विहिरीचं पाणी तीन तांबे प्यायलं, असं आमची आई हसून सांगायची. अशा बाईला "विहिरीचं पाणी पिऊ नको" म्हणणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

रस्त्यापलीकडे, चढावर, एक पेट्रोल पंप आहे. कुणाचा, कोणत्या कंपनीचा, ते इथे लिहीत नाही. जमिनीखालच्या टाकीच्या जोडणीतून गळती झाली होती. माणसं येऊन गेली, खोदकाम झालं, कागदांवर सह्या झाल्या. पण तोवर जे मुरायचं ते मुरलं होतं. आपली काळी माती उन्हाळ्यात अशी भेगाळते की अख्खा हात आत जावा. त्या भेगांतून खाली मुरूम, मुरमाखाली काळ्या पाषाणाच्या फटी. उन्हाळाभर पेट्रोल खाली उतरत राहिलं असणार आणि पाऊस लागल्यावर पाणी वर चढलं तसं ते विहिरीत दिसलं.

मी गावी गेलो. शिकलेला धाकटा भाऊ म्हणून सल्ला माझाच. वास जाईपर्यंत पाणी प्यायचं नाही, असं ठरवून दिलं. मोटार लावून आठवडाभर विहीर उपसली. (ते पाणी नाल्यात सोडलं. आज लिहितानाही लाज वाटते.) गणपतीत पुन्हा गेलो, बादली सोडली, पाणी ओंजळीत घेऊन वास घेतला. काही नाही! एक घोट घेऊन पाहिला. गोड. मी जाहीर केलं, "वहिनी, वास गेला. आता काही भीती नाही."

"भाऊजी म्हंतात तं चांगलंच असन," वहिनी म्हणाली, आणि त्याच संध्याकाळी तिने विहिरीवर घागर नेली.

दिवाळीत दादाची नात अमरावतीहून आली. विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्रात एम.एस्सी. करत होती. सकाळी विहिरीवर गेली आणि तशीच परत आली. "आबा, पाण्याला सडक्या अंड्यासारखा वास येतोय. दोराला काळं काय लागलंय?" आम्ही म्हटलं, पाला पडून कुजला असेल. ती काही बोलली नाही. थोड्या वेळाने मला विचारलं, "त्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल किती असतं?"

मला काय माहीत! इथेनॉल म्हणजे उसाच्या मळीपासून करतात ते, एवढंच ठाऊक. तिने सांगितलं की 2001 मध्ये मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग झाले, 2003 पासून पाच टक्के सुरू झालं, आणि आमच्या गळतीच्या वर्षी ते दहा-बारा टक्क्यांवर पोचलं होतं. (2025 पासून तर वीस टक्के आहे.) "मग बरंच की," मी म्हटलं. "दारूच ती. जमिनीतले किडे पिऊन टाकतील."

"तेच तर झालं आबा," ती म्हणाली.

पुढचं तिने जे सांगितलं ते मला कळेपर्यंत दोन वेळा चहा झाला. मी माझ्या भाषेत सांगतो. पंगत बसली आहे. पानात बुंदी वाढली आहे आणि कारल्याची भाजीही. पाण्याचा एकच हंडा. जेवणारे आधी बुंदीवर तुटून पडतात आणि बुंदी खाताखाता हंडा रिकामा करतात. भाजीकडे वळायची वेळ येते तेव्हा पाणीच नाही. मग भाजी पानातच राहते. मातीतले जीवाणू म्हणजे हे जेवणारे. इथेनॉल ही बुंदी, त्यांना ते सहज पचतं. पेट्रोलमधलं बेंझिन म्हणजे कारलं. आणि हंड्यातलं पाणी म्हणजे भूजलात विरघळलेला प्राणवायू, जो मुळातच थोडा असतो. इथेनॉल नसतं तर जीवाणूंनी बेंझिन हळूहळू संपवलं असतं, त्यांना ते येतं. पण इथेनॉल आलं की त्यातच सगळा प्राणवायू उडतो. मग ते नायट्रेटवर भागवतात, मग लोहावर, मग सल्फेटवर. सल्फेटवर पोचले की सडक्या अंड्याचा वास आणि काळा गाळ. त्याच्याही पलीकडे गेले तर मिथेन, म्हणजे गोबर गॅसच. प्राणवायूवाचून बेंझिन पचवणं त्यांना फार जड जातं. म्हणजे दोराला लागलेलं ते काळं हीच खूण होती की खाली हंडा रिकामा झाला आहे आणि कारलं बहुधा पानात तसंच आहे.

"पण पेट्रोलचा वास तर गेला होता!"

"वास कळायला खूप लागतं, आबा. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा लिटरला दहा मायक्रोग्रॅम आहे. आपल्या नाकाला किंवा जिभेला कळायला त्याच्या पन्नासपट तरी हवं."

बेंझिनने रक्ताचा कर्करोग होतो, हे तिने मला वेगळं, अंगणात नेऊन सांगितलं.

पाण्याचा नमुना प्रयोगशाळेत गेला आणि अहवाल तिच्या बोलण्यासारखाच आला. गणपतीपासून दिवाळीपर्यंत दोन महिने वहिनी ते पाणी प्यायली होती, माझ्या शब्दावर. अकोल्याला आणून तिचं आणि दादाचं रक्त तपासलं. ठीक निघालं. डॉक्टर म्हणाले, इतक्या थोड्या दिवसांचं काही दिसत नसतं, वर्षातून एकदा तपासत राहा. त्या रात्री मला झोप लागली नाही. एरवी वर्गात पोरं "असंल सर" म्हणाली की मी "असंल नको, पुरावा सांग" म्हणायचो. आणि स्वतः मात्र ओंजळभर पाणी हुंगून निकाल दिला.

दादाचं वेगळंच चाललं होतं. त्याला बाबांचा उपाय आठवला. 1974 सालची गोष्ट. मी नुकताच बी.ए. झालो होतो. ऑइल इंजिनासाठी आणलेला डिझेलचा पिंप वावरात लवंडला आणि दोन खाटांएवढी जागा काळीठिक्कर पडली. बाबांनी त्यावर गाडाभर शेणखत टाकलं, कुटार पसरलं आणि येता-जाता वखर फिरवत राहिले. मी तेव्हा नवा पदवीधर. मेलेल्या जमिनीत खत घालता, असं म्हणून हसलो होतो. पहिल्या पावसाळ्यात तिथे काही आलं नाही, दुसऱ्यात तण आलं, तिसऱ्या वर्षी ज्वारी. बाबा काही बोलले नाहीत, फक्त त्या जागेतलं एक कणीस आणून माझ्या टेबलावर ठेवलं.

दादा म्हणाला, "तसंच शेण कालवून इहिरीच्या बाजूनं सोडू."

नातीने डोक्याला हात लावला. बाबांचं सगळं बरोबर होतं, ती म्हणाली. डिझेलमध्ये जीवाणूंना खायला पुष्कळ, पण नत्र आणि स्फुरद नाही. ते शेणखतातून मिळालं. कुटाराने माती पोकळ झाली, वखराने हवा खेळली. पणजोबांनी केलं तेच आज शास्त्रज्ञ पैसे घेऊन करतात. पण ते वरच्या मातीत. खाली पाण्यात वखर चालत नाही. तिथे शेण सोडलं तर आणखी एक ताट बुंदी वाढल्यासारखं, उरलासुरला प्राणवायूही जाईल. दादाला हे पटलं नाही, पण नात सांगते म्हणून शेण सोडलं नाही.

मग मला नादच लागला. म्हाताऱ्याला दुसरं काम काय! तिने दिलेलं वाचत गेलो. तेल खाणारा जीवाणू प्रयोगशाळेत घडवणारे आनंद मोहन चक्रवर्ती हे आपले बंगाली, आणि सजीवावर पेटंट मिळावं की नाही यावर 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला, हे मला ठाऊक नव्हतं. इतिहास शिकवत होतो मी! 2010 च्या ऑगस्टमध्ये मुंबईजवळ दोन जहाजांची टक्कर होऊन समुद्रात तेल पसरलं, तेव्हा किनारा साफ करायला दिल्लीच्या टेरी संस्थेचे जीवाणू आणले होते. दाणे काढलेल्या मक्याच्या कणसाचा भुगा करून त्यावर ते बसवलेले असतात. हे वाचून दादा खूश झाला. "म्हंजे कुटारच ना!"

पण आमच्या विहिरीशी मिळतीजुळती गोष्ट सापडली ती पार ब्राझीलमध्ये. तिथे पेट्रोलमध्ये इथेनॉल फार आधीपासून. फ्लोरिआनोपोलिस गावी विद्यापीठाच्या शेतात 1998 साली शास्त्रज्ञांनी मुद्दाम शंभर लिटर पेट्रोल जमिनीत सोडलं, चोवीस टक्के इथेनॉलचं, आणि वर्षानुवर्षं भूजल तपासत बसले. आधी इथेनॉल गेलं. ते असेपर्यंत बेंझिन तसंच राहिलं आणि पसरत गेलं. इथेनॉल संपल्यावर मात्र, काही वर्षांनी, बेंझिनचा पसारा आकसू लागला. एव्हाना जेवणारेही वाढलेले असतात ना. नव्या पावसाबरोबर हंडा थोडा थोडा भरतो आणि ते नाइलाजाने कारल्याकडे वळतात. हा कागद मी दोन वेळा वाचला आणि गावी फोन केला.

इथेनॉल वाईट आहे असं मला म्हणायचं नाही. ते स्वतः तर चटकन नाहीसं होतं, आणि मक्याला, उसाला भाव मिळत असेल तर कुणाला नको आहे. पण वीस टक्क्यांवरून सगळीकडे चाललेला वाद गाडीच्या मायलेजचा. जुन्या गाडीचं रबर टिकेल का, लिटरमागे किती किलोमीटर कमी झाले. पंपाशेजारच्या विहिरीबद्दल मला कुणी बोलताना आढळलं नाही. टाक्या जमिनीखाली, विहिरी जमिनीखाली, आणि गाडी तेवढी डोळ्यांसमोर. गावोगाव हमरस्त्यावर पंप झाले आहेत. त्यांच्या शंभर-दोनशे पावलांवर कुणाची तरी विहीर असतेच. वास आला नाही म्हणून ते पाणी पीत असतील.

विहिरीवर आता लोखंडी जाळी आहे. पाणी जनावरांनाही देत नाही. दर सहा महिन्यांनी नमुना जातो. सडका वास गेला आहे, आणि शेवटच्या अहवालात बेंझिन पहिल्यापेक्षा बरंच खाली आलं होतं, पण मर्यादेच्या आत नव्हतं. दादा म्हणतो, अजून एक पावसाळा. बाबांच्या वावराला तीन लागले होते.

वहिनी नळाचं पाणी पिते. मला एका शब्दाने कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. रहाटाचा दोर तिने धुऊन, वाळवून, गुंडाळून माजघरातल्या खुंटीला टांगून ठेवला आहे. पंगतीची गोष्ट तिला नातीने सांगितली होती, तेव्हापासून मी गावी गेलो की पाण्याचा तांब्या पुढे करताना ती विचारते, "काय हो भाऊजी, झालं का त्याइचं जेवण?"

मागच्या रविवारीही विचारलं. नमुन्याची बाटली मी पिशवीत घालतच होतो.