नाळ कापण्याआधी



आईच्या उदरात देवच आपल्याला घडवतो, हे सांगणारे स्तोत्र १३९ मी वर्गात शिकवतो. सोनोग्राफीत बाळाच्या मानेवर मोठी गाठ दिसलेल्या एका ताईंनी विचारले, “मग सर, ही गाठही त्यानेच घडवली का?”

याचे उत्तर माझ्यापाशी नाही. डॉक्टर काय करतात, ते मात्र समजून घेतले. अशा गाठी बहुधा कर्करोगाच्या नसतात, पण श्वासनलिका दाबू शकतात. म्हणून सिझेरियनमध्ये बाळाचे डोके-खांदे बाहेर घेऊन नाळ तशीच ठेवतात. आईकडून प्राणवायू मिळत असतानाच श्वासनलिकेत नळी घालतात. मग नाळ कापतात. गाठ त्यानंतर शस्त्रक्रियेने काढतात.

ज्याला अजून श्वास घेता येत नाही, त्याच्यासाठी आई श्वास घेते. मध्यस्थीची प्रार्थनाही अशीच. ज्यांना सध्या प्रार्थना सुचत नाही, त्यांच्यासाठी आजची रोझरी आपण म्हणूया.